अक्काचे पत्र आणि पडद्यावरचा बाण

२०२४ च्या श्रावणात एका दुपारी अक्का मला म्हणाली, "मला एक पत्र लिहायचं आहे."

मी लगेच कागद-पेन घेऊन तिच्या पलंगाशी बसलो. "सांग, लिहून घेतो."

"तुला सांगण्यासारखं असतं, तर तुला सांगितलंच असतं की रे," अक्का म्हणाली. "मला लिहायचं आहे."

मी पेनाचे टोपण पुन्हा लावले.

अक्का म्हणजे माझी थोरली बहीण. ठाण्यात मुलींच्या शाळेत बत्तीस वर्षे मराठी शिकवून निवृत्त झाली. लग्न केले नाही. २०२२ च्या पावसाळ्यात ओल्या जिन्यावरून पाय घसरून ती पडली आणि मानेत मज्जारज्जूला इजा झाली. जीव वाचला, पण हातापायांनी कायमची रजा घेतली. मान चालते, डोके तल्लख आहे, जीभही पूर्वीसारखीच आहे. फक्त श्वास पुरत नाही म्हणून आवाज बारीक झाला आहे. तेव्हापासून ती आमच्याकडे असते. घर दोन खोल्यांचे. एका खोलीत कुणी सुस्कारा टाकला, तर दुसऱ्या खोलीतून "काय झालं?" म्हणून विचारणा होते.

आता वाचक म्हणतील, की हल्ली फोनशी मराठीत बोलले तरी तो भराभर लिहून देतो. खरे आहे. तोही प्रयोग आम्ही केला होता. पण पत्र होते बडोद्याच्या एका मैत्रिणीला. या दोघींचे पूर्वी कधीतरी काही बिनसले होते, एवढेच घरात ठाऊक. काय, ते अक्काने कुणाला कधी सांगितले नाही. "बोलून लिहायचं म्हणजे पत्र आधी तुम्ही सगळे ऐकणार आणि उरलंसुरलं तिला जाणार," अक्का म्हणाली. यावर आम्हा उभयतांपाशी उत्तर नव्हते.

पुनर्वसन केंद्रातल्या बाईंनी पूर्वी एकदा डोक्याने चालणाऱ्या माउसची गोष्ट काढली होती. तेव्हा आम्ही मान डोलावून विसरून गेलो होतो. आता ती आठवली.

या विद्येची थोडी हकीकत सांगायला हवी. कॅमेऱ्याने माणसाच्या चेहऱ्यावर नजर ठेवायची आणि चेहरा हलेल तसा पडद्यावरचा बाण हलवायचा, ही कल्पना कालपरवाची नव्हे. अमेरिकेत बॉस्टन येथे मार्ग्रिट बेट्के, जेम्स गिप्स आणि पीटर फ्लेमिंग यांनी 'कॅमेरा माउस' तयार केला आणि २००२ साली त्यावर निबंध प्रसिद्ध केला. ज्यांचे हात चालत नाहीत अशांसाठीच तो होता, आणि २००७ पासून तो लोकांना फुकट मिळू लागला. स्पेनमधल्या सेझार माउरी यांनी 'ईव्हायाकॅम' केला, तोही फुकट. २०२३ साली गूगलने 'गेमफेस' पुढे आणला. त्यात भुवई उंचावली किंवा तोंड उघडले तरी त्याचा हुकूम होतो. म्हणजे साधा लॅपटॉप आणि त्याच्या कपाळावरचा वाटाण्याएवढा कॅमेरा एवढ्यावर काम भागते. डोळ्यांच्या बुबुळांवर चालणारी खास यंत्रेही असतात, पण त्यांचे पैसे वेगळे मोजावे लागतात.

आम्ही घेतला तो याच जातीचा एक फुकट प्रोग्रॅम. त्याचे नाव मुद्दाम सांगत नाही. पुढे ज्या तक्रारी येणार आहेत त्यांत त्या बिचाऱ्याचा वाटा थोडाच होता. अक्काने मान उजवीकडे केली, की बाण उजवीकडे जाई. हनुवटी खाली केली, की खाली. एका जागी बाण सेकंदभर थांबला, की तिथे क्लिक होई. पडद्याच्या खालच्या अर्ध्या भागात कळफलक मांडला, तोही मराठी. पहिल्या दिवशी अक्काने पंचवीस मिनिटे खपून 'श्री' लिहिले आणि आमच्या सौभाग्यवतीने देवापुढे साखर ठेवली.

साखर मुंग्यांनी नेली नसेल तोच संकटांना सुरुवात झाली.

सकाळी बाण पिसाळल्यासारखा पळे. 'क' वर न्यावा तर तो कोपऱ्यात जाऊन बसे. दुपारी अचानक शहाणा होई. संध्याकाळी अक्का डोळ्यांची पापणीही न हलवता पडली असली तरी बाण आपला हळूहळू वर सरकत राही, जसा काही त्याला वर कुणी बोलावते आहे. बंगळूरला आमचे चिरंजीव असतात. त्यांना फोन केला. ते म्हणाले, "बंद करून पुन्हा चालू करा." केले. मग म्हणाले, "नवा कॅमेरा घ्या." तोही घेतला. दुकानदाराने सांगितले, की याच्यात डोक्यावरचा केस न् केस दिसतो. केस दिसले, बाण मात्र तसाच पळत राहिला. चेहऱ्याचा माग काढायला फार बारीक चित्र लागतच नाही, हे ज्ञान पैसे गेल्यावर झाले.

पण खरे वाईट वाटले ते दुसऱ्याच गोष्टीचे. एका संध्याकाळी अक्का म्हणाली, "यंत्राला कशाला बोल लावता? माझी मानच आता चालेनाशी झाली असेल." आणि दोन दिवस तिने लॅपटॉपकडे पाहिले नाही. शरीराचा एवढा भाग हातचा गेल्यावर उरलेलाही चालला, असे माणसाला चटकन वाटते. व्यायाम करून घेणाऱ्या बाई तिसऱ्या दिवशी आल्या. त्यांनी मान सगळ्या बाजूंनी वळवून पाहिली आणि म्हणाल्या, "मान उत्तम आहे. तुमचं ते यंत्र बघा."

त्या गेल्या आणि अक्कातली मास्तरीण जागी झाली.

"एक वही घे," तिने मला फर्मावले. "रघाटी मार. तारीख, वेळ, खिडकी उघडी की बंद, कोणता दिवा, पंखा चालू की बंद, आणि बाण काय करतो. आणि हे बघ, एका वेळी एकच गोष्ट बदलायची. दोन बदलल्या आणि बरं झालं, तर कशानं झालं ते कसं कळणार?"

माझी चाळीस वर्षे नोकरीत गेली, पण एवढी साधी गोष्ट मला तिथे कुणी शिकवली नाही. असो. आठ दिवस वही भरली आणि नवव्या दिवशी अक्काने मला ती डोळ्यांसमोर धरायला लावली. सकाळचे सगळे गोंधळ साडेआठ ते अकरा या वेळातले होते. अक्काच्या पाठीमागे पूर्वेची खिडकी.

इथे मला त्या प्रोग्रॅमच्या डोक्यात काय चालते ते थोडे वाचावे लागले. यंत्र आपल्यासारखे नाकडोळे ओळखत नाही. २००१ साली पॉल व्हायोला आणि मायकेल जोन्स यांनी चेहरा शोधण्याची जी रीत दाखवून दिली, ती चित्रातल्या गडद आणि उजळ तुकड्यांची तुलना करते. डोळ्यांचा पट्टा गालांपेक्षा गडद, नाकाचा दांडा दोन्ही डोळ्यांपेक्षा उजळ, अशा खुणा जुळत गेल्या की 'हा चेहरा' असा निकाल. त्यानंतर पुष्कळ नव्या रीती निघाल्या, पण उजेडाची गरज कोणत्याच रीतीला सुटलेली नाही. पाठीमागे लख्ख खिडकी असली, की कॅमेरा तिच्या झगझगाटाला घाबरून सगळे चित्र अंधारे करतो. मग अक्काचा चेहरा म्हणजे नुसती सावली. गाल आणि डोळे सारखेच काळे. शिवाय श्रावण! घटकेत ऊन, घटकेत सर. दर वेळी कॅमेरा आपला उजेड नव्याने जुळवू लागे आणि तेवढ्यात बाणाचा तोल जाई.

उपाय सोपा, पलंग फिरवायचा. दोन खोल्यांच्या घरात पलंग फिरवणे म्हणजे काय, हे मुंबई-ठाण्याच्या वाचकांना सांगायला नको. पलंगासाठी कपाट हलले, कपाटासाठी शिवणयंत्र, शिवणयंत्रासाठी सौभाग्यवतीचा लोणच्यांचा संसार. पण संध्याकाळपर्यंत खिडकी अक्काच्या डाव्या अंगाला आली.

दुसऱ्या दिवशी बाण पळेना. पण आता तो हलेचना! अक्काने मान डावीकडे केली, उजवीकडे केली, बाण ढिम्म. मी चिरंजीवांना फोन करायला उठलो, तेवढ्यात अक्का हसू लागली. कोपऱ्यात कॅमेऱ्याचे लहानसे चित्र दिसते आणि ज्या चेहऱ्यावर प्रोग्रॅमची नजर असते त्याभोवती एक चौकट असते. "अरे, चौकट बघ कुणाच्या तोंडावर आहे!"

चौकट तात्यांच्या तोंडावर होती. पलंग फिरल्यामुळे आता अक्काच्या पाठीमागे भिंत आली होती आणि भिंतीवर आमच्या वडिलांची तसबीर होती. समोर बघणारा, सरळ, स्वच्छ उजेडात काढलेला चेहरा. यंत्राला याहून उत्तम काय हवे? अक्काचे डोके उशीवर जरा कलले, की ते तिला सोडून तात्यांना धरी. आणि तात्या हयातीतही कुणाच्या सांगण्यावरून हलले नव्हते.

तसबीर काढायची म्हणताच सौभाग्यवतीने नापसंती दर्शवली. सासऱ्यांना कपाटात ठेवायचे? शेवटी ती समोरच्या भिंतीवर लावली, म्हणजे अक्काच्या पडद्यावर त्यांची थेट नजर. "चालतील," अक्का म्हणाली. "तात्या वाचतील, पण कुणाला सांगायचे नाहीत."

मग वहीतल्या संध्याकाळी घेतल्या. आमच्याकडे जुनी चोकवाली ट्यूब आहे. आपल्या विजेचा प्रवाह सेकंदाला ५० आवर्तने घेतो आणि अशी ट्यूब सेकंदाला १०० वेळा मंद-प्रखर होते. आपल्या डोळ्यांना ते दिसत नाही, कॅमेऱ्याला दिसते. अमेरिकेत आवर्तने ६० असतात. आमच्या नव्या कॅमेऱ्याचा हिशेब ६० वर लावलेला होता. त्यामुळे संध्याकाळी चित्रातून फिकट-काळे आडवे पट्टे संथपणे वर सरकत, आणि प्रोग्रॅमला वाटे की चेहराच वर चालला आहे. बाण बिचारा इमानाने त्यांच्यामागे जाई. कॅमेऱ्याच्या सेटिंगमध्ये 'पॉवरलाइन फ्रिक्वेन्सी' नावाचे खाते असते. तिथे ६० चे ५० केले आणि पट्टे गेले. एवढ्यासाठी अक्काने स्वतःच्या मानेवर आळ घेतला होता.

तरीही रात्री थोडी थरथर राहिली. वहीत 'पंखा' या घरात पाहिले, तर पंखा बंद असलेल्या रात्री थरथर नाही. ट्यूब छताजवळ, पंखा तिच्या खाली. पात्यांच्या सावल्या अक्काच्या तोंडावरून फिरत होत्या. आम्हाला त्यांची इतकी सवय, की त्या दिसतच नव्हत्या. घाम पुसत बसण्यापेक्षा ट्यूब बंद केली आणि पांढरा दिवा टेबलावर ठेवून त्यावर मलमलीचा तुकडा टाकला. दिवा पंख्याच्या खाली आला, सावली संपली. उजेड वाढला याचा आणखी एक फायदा झाला. अंधूक प्रकाशात कॅमेरा प्रत्येक चित्राला जास्त वेळ घेतो. सेकंदाला ३० चित्रांच्या जागी १५ किंवा त्याहूनही कमी येतात, म्हणून बाण मागे रेंगाळतो. आता तो मानेबरोबर चालू लागला.

किरकोळ उपद्रव पुष्कळ झाले. एकदा कॅमेराच उघडेना. पाहतो तो चिरंजीवांशी बोलून झाल्यावर व्हिडिओ-कॉलचे सॉफ्टवेअर मी तसेच उघडे ठेवले होते आणि त्याने कॅमेरा धरून ठेवला होता. एकदा विंडोजच्या खासगीपणाच्या सेटिंगमध्ये कॅमेऱ्याची परवानगी निघाली होती. सौभाग्यवती चहा पाजायला वाकली, की बाण तिच्या पाठोपाठ जाई. त्यावर चहाच्या वेळी काम थांबवायचे, एवढाच तोडगा. तिला आणखी एक धास्ती होती, की कॅमेरा दिवसभर चालू म्हणजे आपले घर कुठेतरी कुणी बघत असेल. मी इंटरनेट बंद करून दाखवले. बाण पूर्ववत चालला. माग काढण्याचे काम लॅपटॉपमध्येच होते, त्याला बाहेरच्या कुणाची गरज नाही. तरीसुद्धा काम झाले, की कॅमेऱ्यावर ती आपली टिकली चिकटवून ठेवते.

एक गंमत मात्र सांगितलीच पाहिजे. भाद्रपदात एक दिवस अक्काची अक्षरे दुप्पट उमटू लागली. 'घर' लिहावे तर 'घघरर'. "मी तोतरी झाले," अक्का म्हणाली. झाले होते असे, की बाण थांबला म्हणजे क्लिक, ही सोय आमच्या प्रोग्रॅममध्ये होती. आणि नुसते कळीवर थांबले तरी अक्षर उमटावे, अशीच सोय विंडोजच्या कळफलकातही असते. ती मीच उत्साहाच्या भरात चालू केली होती. दोघेही आज्ञाधारक! एकाला सुट्टी दिली.

राहिला प्रश्न वेगाचा. बाण चपळ ठेवला तर थरथरतो, शांत ठेवला तर आळसटतो. पुस्तकात याचे एकच उत्तर नाही. ज्याची त्याची मान. आम्ही रोज एकेक घर पुढेमागे करत गेलो आणि अक्का दर वेळी शेरा देत गेली. "फार लघळ." "आता फार आढ्यताखोर." "हं, हा बरा." त्याच सुमारास तिने स्वतःच एक युक्ती शोधली. पुष्कळ वेळ काम केले, की बाण पडद्याच्या मधोमध असतो, पण मान मात्र कुठेतरी वाकडी राहते. मग ती बाण मुद्दाम कडेला नेऊन आपटते आणि मान तशीच पुढे नेते. बाण कडेला अडून राहतो, मान परत सरळ आणली की दोघांचा मेळ बसतो. आपण माउस टेबलावरून उचलून अलीकडे ठेवतो ना, तसेच. तरी वीस मिनिटांवर बसायचे नाही, अशी व्यायामाच्या बाईंची ताकीद आहे, आणि ती मोडली की रात्री मान शेकावी लागते.

मराठी लिहिणाऱ्याला या कामात कष्ट जरा अधिकच. 'स्वातंत्र्य' हा एक शब्द सुट्या सुट्या कळांनी लिहायचा तर ११ कळा होतात. प्रत्येक कळीपर्यंत प्रवास आणि प्रत्येकीवर सेकंदभर मुक्काम. मी म्हटले, "अक्का, सोपे शब्द वापर."

"मुलींना कधी सोपे शब्द वापरू दिले नाहीत," अक्का म्हणाली, "आता मी वापरू?"

पत्राला सतरा दिवस लागले. ती लिहीत असताना मी दुसऱ्या खोलीत वर्तमानपत्र वाचत असे. खरे सांगायचे तर वाचत नसे. अठराव्या दिवशी आतून हाक आली. छापण्याचा हुकूम तिने स्वतःच दिला होता. चिरंजीवांचा जुना लेझर प्रिंटर आहे, तो कागद पालथे टाकतो. दीड पान होते. मी ते तसेच पालथे उचलले, न उलटता घडी घातली, पाकिटात घातले आणि चिकटवले. पत्ता तिने सांगितला आणि मी लिहिला. तेवढेच माझे अक्षर त्यात गेले.

दिवाळीला चार दिवस उरले असताना बडोद्याहून जाड पाकीट आले. हाताने लिहिलेले, निळ्या शाईचे. आता हे वाचायचे कसे? पाने उलटायला कुणीतरी हवेच. अक्काने क्षणभर विचार केला आणि म्हणाली, "तू खिडकीबाहेर बघ."

मी पुस्तकाच्या घोडीवर पहिले पान ठेवले आणि खिडकीकडे तोंड करून उभा राहिलो. समोरच्या इमारतीत मुले आकाशकंदील टांगत होती. "उलट," अक्का म्हणे, आणि मी बाहेर बघत हाताने चाचपून पान उलटी. चौथ्या पानाला ती फार वेळ थांबली. मुलांचा कंदील दोनदा पडला, दोनदा वर चढला.

"झालं," अक्का म्हणाली. "घडी घालून माझ्या उशीखाली ठेव. आणि तो दिवा लाव, लॅपटॉप जरा अलीकडे घे, कॅमेऱ्यावरची ती टिकली काढ."

मी सगळे केले. कोपऱ्यातल्या चित्रात चौकट तिच्या तोंडावर येऊन बसली.

"आता जाताना दार लोटून घे."